विजापूरची नळी आणि शाळेबाहेरची पुडी

तंबाखू आपल्याकडे इतकी घरची झाली आहे की, ती मुळात परदेशची पाहुणी आहे असे सांगितले तर पुष्कळांना ते खरे वाटत नाही. मिरचीप्रमाणेच तीही अमेरिकेतून निघाली आणि पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागली. मिरचीने आपल्या जिभेवर राज्य केले. तंबाखूने मात्र थेट मेंदूच काबीज केला.

मोगल दरबारात तिचा प्रवेश कसा झाला, याची हकीकत मोठी मौजेची आहे. असदबेग नावाचा अकबराचा एक सरदार १६०४ च्या सुमारास विजापुराहून परतला, तो तंबाखू आणि रत्नजडित नळी बरोबर घेऊनच. बादशहाने कुतूहलाने दोन-तीन झुरके घेतले. हकीम आडवा आला. ज्या वस्तूचा आपल्या ग्रंथांत उल्लेख नाही ती घ्यावी कशी, असे त्याचे म्हणणे. असदबेगाने उलट सुनावले की, प्रत्येक चाल कधीतरी नवीनच असते! वादात असदबेगाची सरशी झाली. पण गंमत अशी की, खुद्द अकबराला ते व्यसन जडले नाही. उमरावांना मात्र जडले. त्यांची मागणी वाढली आणि व्यापाऱ्यांनी दुकाने मांडली. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने बंदी घातली, पण तोवर वेळ निघून गेली होती.

असे काय होते त्या पानात? लिस्बनमधील फ्रेंच वकील झाँ निको याने १५६० च्या सुमारास तंबाखू फ्रान्सच्या दरबारी पाठविली. त्याच्याच नावावरून तिच्यातील विषाला निकोटिन हे नाव मिळाले. जर्मनीत हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि राइमान या दोघांनी १८२८ मध्ये ते वेगळे काढून दाखविले.

हे निकोटिन अनेक वेष धारण करते. विडी-सिगारेटच्या धुरातून ते काही सेकंदांतच मेंदूत पोहोचते. चुना लावून मळलेली तंबाखू गालफडात धरली, तर ते सावकाश पण दीर्घकाळ रक्तात उतरत राहते; चुन्याने ते तोंडाच्या अस्तरातून अधिक सहज झिरपते. मिश्रीचा वेष तर सर्वांत भोळा. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो उग्र वास माझ्या लहानपणी आमच्या आळीत सकाळीच दरवळे, आणि त्याला व्यसन कोणी म्हणत नसे. दात घासणे म्हणत. वेष निराळे, पण सावकार एकच!

आणि हा सावकार कोवळ्या वयाला लवकर गाठतो. स्वीडनच्या फागरस्ट्रोम या मानसशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये व्यसन मोजण्याची प्रश्नावली रचली. सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली सिगारेट लागते, हा तिच्यातला मोठा बोलका प्रश्न. पण अमेरिकन डॉक्टर डिफ्रान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखविले की, मुलांना ओढ लागण्यासाठी रोज ओढण्याचीही गरज नसते; अधूनमधून ओढणाऱ्यांतही तिची चिन्हे दिसू लागतात. वाढत्या वयाचा मेंदू अजून घडत असतो. ओली माती ठसा चटकन घेते, तसेच हे.

आपल्या देशातील २०१९ च्या पाहणीत तेरा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी साडेआठ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारी आढळली. त्याहून मन विषण्ण करणारी गोष्ट अशी की, तंबाखू चघळणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी दहावा वाढदिवस होण्यापूर्वीच सुरुवात केली होती.

कायदे झाले नाहीत असे नाही. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे गुन्हा ठरविले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. २०१९ मध्ये देशभर विजेच्या सिगारेटीही बंद झाल्या. पण जहांगिराचा अनुभव मला विसरता येत नाही. एकदा ओढ लागली की फर्मान कागदावरच राहते. म्हणून फर्मानाच्या आधी पोहोचले पाहिजे.

अकबर झुरके घेऊन बाजूला झाला, तेव्हा तो साठी उलटलेला पुरुष होता आणि त्याचा हात धरायला हकीम जवळ उभा होता. नऊ वर्षांच्या पोराने पहिली पुडी फोडली, तर त्याच्याजवळ कोण असते? ती हकिमाची जागा आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांची आहे, आणि तिथे उभे राहणाऱ्याचा स्वतःचा हात तंबाखू मळण्यात गुंतलेला असून भागणार नाही.