एक्टनचे फ्रँकलिन आणि आपले फिरंगी

विजेचा संशोधक आणि अमेरिकेचा मुत्सद्दी म्हणून बेंजामिन फ्रँकलिनची कीर्ती एवढी दुमदुमलेली आहे की तिच्यात भर घालण्याची गरज नाही; मला तो प्रिय आहे तो आपल्या आडनावाचे मूळ धुंडाळण्याच्या त्याच्या हौसेमुळे. १७३९ साली, तो फिलाडेल्फियात छापखाना चालवीत असता, बोस्टनमध्ये चरबीच्या मेणबत्त्या व साबण करून पोट भरणाऱ्या त्याच्या वृद्ध वडिलांनी, जोसायांनी, त्याला एका पत्रात कुळनामासंबंधी चार मते कळविली. कोणी म्हणतात, ही एक पदवीच होती. कोणी म्हणतात, आपण मूळचे फ्रान्सकडचे, पूर्वीचे ‘फ्रँक’. कोणाच्या मते हे नाव वेठीपासून मोकळ्या असलेल्या वंशाचे. आणि कोणी ते लांब तांबड्या पायांच्या एका पक्ष्यावरून आले असे सांगतात. आपल्या ऐपतीच्या माणसांनी मनाला गुदगुल्या होण्यापलीकडे या गोष्टीत फारसे शिरू नये, असा शेराही म्हाताऱ्याने वर मारला आहे. मुलाने तो मानला नाही, हे आपले भाग्य.

हे घराणे इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या एक्टन नावाच्या खेड्यातले. तीनशे वर्षे ते त्याच गावात, सुमारे ३० एकरांच्या स्वतःच्या जमिनीवर नांदत होते, आणि जमीन अपुरी म्हणून जोडीला लोहारकाम होते. थोरल्या मुलाने भाता सांभाळावा ही घराण्याची चाल. राणी मेरीच्या अमदानीत या मंडळींनी बंदी असलेले बायबल तिवईखाली फितीने बांधून ठेविले होते, ही कथा सर्वश्रुतच आहे. १७५८ च्या उन्हाळ्यात फ्रँकलिन आपला मुलगा विल्यम याला घेऊन एक्टनला गेला. इंग्लंडातील प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवावी असे फर्मान १५३८ मध्ये सुटले होते. एक्टनच्या दफ्तरात फ्रँकलिनला १५५५ पासूनच्या नोंदी मिळाल्या, आणि त्यांवरून आपण पाच पिढ्या सलग धाकट्याचे धाकटे आहोत असा मनोरंजक निष्कर्ष त्याने काढला. ज्या थॉमस काकाने वर्गणी जमवून गावाच्या मनोऱ्यात घंटांचा वाद्यमेळ बसविला आणि नदीच्या पुरापासून गावची कुरणे वाचविण्याची युक्ती काढली, तो काका जुन्या कालगणनेप्रमाणे ६ जानेवारी १७०२ रोजी वारला होता, आणि बरोबर चार वर्षांनी त्याच तारखेला बेंजामिन जन्मला होता. काका त्याच दिवशी गेला असता तर लोकांना पुनर्जन्माची शंका आली असती, असे विल्यमने म्हटल्याचे बापाने नोंदून ठेविले आहे. वडिलोपार्जित घर मोडकळीला आलेले होते, तेथे शाळा भरत होती. जमीन विकली जाऊन दुसऱ्याच्या शेतीत मिसळली होती. नाव तेवढे घराला चिकटून राहिले होते.

चर्चच्या आवारातील पूर्वजांच्या थडग्यांवर एवढे शेवाळ माजले होते की अक्षरे लागेनात; तेव्हा गावच्या पाद्र्याच्या पत्नीने एक राठ ब्रश आणि पाण्याचे भांडे मागविले, पीटरने दगड घासून स्वच्छ केले आणि विल्यमने लेख उतरून घेतले. हा पीटर फ्रँकलिनचा गुलाम होता. ज्या नावाचा अर्थ ‘मोकळा मनुष्य’ असा होतो, त्या नावावरचे शेवाळ एका बद्ध मनुष्याने खरवडावे, याची नोंद करताना त्या चाणाक्ष लेखकाची लेखणी जराही अडखळत नाही. विल्यमबरोबर आणलेला किंग नावाचा दुसरा गुलाम मात्र इंग्लंडातच पळून गेला आणि पुढे सफोकमधील एका बाईच्या आश्रयाला सापडला, व तिने त्याला लिहावाचावयास शिकविले होते.

आता नावाकडे वळू. पक्ष्याचे मत मी प्रथम निकालात काढतो, जरी ते सोडताना जिवावर येते. कारण ‘फ्रँकोलिन’ म्हणजे आपल्या माळावरचे तित्तिरच, आणि लोहाराच्या घराण्याला तित्तिराचे नाव मिळाले असते तर मला आनंदच झाला असता. परंतु त्या पक्ष्याचा अधिवास भूमध्यसागराच्या तीरावरचा आणि आशियातला. ज्याने तो पाहिला नाही त्या नॉर्दॅम्प्टनशायरच्या शेतकऱ्याने त्यावरून नाव घ्यावे कसे? उलट ‘पदवी’चे मत भक्कम आहे. मध्ययुगीन इंग्लंडात सरदाराहून खालचा पण वेठबिगार न करणारा, स्वतःच्या जमिनीचा स्वतंत्र धनी असा जो वर्ग होता त्याला ‘फ्रँकलिन’ म्हणत. आपल्या दफ्तरी भाषेत त्याला मिरासदार म्हणता येईल. चॉसरने कँटरबरीच्या यात्रेकरूंत असा एक पांढऱ्या दाढीचा, खाण्यापिण्याचा षोकी फ्रँकलिन रंगविला आहे. या शब्दाचे शेपूट नॉर्मन फ्रेंचमधून आले एवढे खरे. ते जर्मानिक ‘लिंग’ प्रत्ययाचे की लॅटिन ‘फ्रँकालिस’चे, यावर पंडितांची जुंपलेली आहे आणि ती मी त्यांच्यावरच सोडतो.

म्हणजे जोसायांची दुसरी आणि तिसरी मते वस्तुतः एकच. फ्रँक नावाच्या जर्मन टोळ्यांनी गॉल देश जिंकला. तेथे राज्यकर्ता तेवढा मोकळा, म्हणून ‘फ्रँक’ या जातिवाचक नामाचा अर्थ ‘मोकळा’ असा झाला. परंतु टोळीला ते नाव कोठून आले? प्रचलित मत असे की जुन्या जर्मन बोलींत भाल्याला जो शब्द होता, ज्याचे जुन्या इंग्रजीतील रूप ‘फ्रांका’, त्यावरून. जसे ‘साक्स’ नावाच्या सुऱ्यावरून सॅक्सन. प्रतिपक्ष म्हणतो, टोळीवरून भाल्याला नाव मिळाले. या वादात माझे मत प्रतिपक्षाकडे झुकते, आणि ते झुकविणारा पुरावा युरोपात नाही, महाराष्ट्रात आहे.

धर्मयुद्धांच्या काळी अरबांनी पश्चिमेच्या सगळ्याच गोऱ्यांना ‘इफ्रंज’ म्हटले. फारशीत ते ‘फरंग’ झाले, आणि त्याच वाटेने आपल्याकडे ‘फिरंगी’ आले. १५१० मध्ये अल्बुकेर्कने गोवा घेतल्यावर ते नाव पोर्तुगीजांना कायमचे बसले. भावमिश्राने सोळाव्या शतकात ‘भावप्रकाशा’त उपदंशाच्या नव्या प्रकाराला ‘फिरंगरोग’ म्हटले, आणि युरोपात घडलेल्या सरळ, लांब पात्याच्या तलवारीला मराठ्यांनी ‘फिरंग’ म्हटले. येथे क्रम निर्विवाद आहे: आधी माणसे, मग त्यांचे शस्त्र. एका टोकाला जे डोळ्यांसमोर घडलेले दिसते ते दुसऱ्या टोकाला, हजार वर्षे आधी, घडले नसेल असे का मानावे? सॅक्सनांचा सुरा माझ्या विरुद्ध साक्ष देतो हे मला मान्य आहे. परंतु एका टोळीचा न्याय दुसरीला लावण्यापेक्षा त्याच शब्दाची पुढची गती पाहणे मला अधिक सयुक्तिक वाटते. एक्टनचे लोहार आणि आपली फिरंग एकाच कुळातील, एवढे तरी कोणी नाकारू शकणार नाही.

या कुळाची आणखी एक शाखा मी बरेच दिवस मिरवीत आलो. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध चाकणचा संग्रामदुर्ग जवळजवळ दोन महिने झुंजविणारा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याचे नाव तलवारीवरूनच पडले असावे, असे मी म्हणत असे. यावर आक्षेप असा की कुरकुंभास फिरंगाई देवीचे ठाणे आहे, आणि यमाईवरून यमाजी, तुकाईवरून तुकोजी, तसा फिरंगाईवरून फिरंगोजी हाच मराठी घरांचा सरळ रिवाज. आक्षेप बिनतोड आहे. माझे उत्तर एवढेच की मग देवीला ते नाव कशावरून मिळाले ते सांगा. हातात शस्त्र घेतलेल्या देवतेला शस्त्राचे नाव मिळणे हे शेतकऱ्याला तित्तिराचे नाव मिळण्याहून पुष्कळच संभवनीय आहे.