शरीराची दौलत: विंचूर, कोठुरें आणि पुण्याचा वाडा

नाशिकहून पूर्वेकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यानें निफाड मागें टाकलें म्हणजे थोड्याच वेळांत विंचूर लागतें. आज या गांवाचें नांव कांदा आणि द्राक्षें यांच्या व्यापारांत ऐकूं येतें. परंतु मराठ्यांच्या इतिहासांत विंचूर म्हटलें कीं विंचूरकर सरदारांचें घराणें डोळ्यांपुढें उभें राहतें. याच निफाड तालुक्यांत गोदेच्या कांठीं कोठुरें नांवाचें दुसरें गांव आहे. त्याला सरदारकीचा मान नाहीं. पण मल्लखांबाच्या इतिहासांत त्याचें स्थान विंचुराहून अधिक मोठें आहे. एका गांवानें राज्याला तलवारबहाद्दर दिला, दुसऱ्यानें समाजाला व्यायामाचा गुरु दिला. या दोघांचीं चरित्रें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे एक जुना प्रश्न आपोआप पुढें येतो: माणसानें शरीर कमवावें तें कोणासाठीं? धन्यासाठीं, कीं स्वतःच्या रोजच्या जगण्यासाठीं?

विंचूरकर घराण्याचे मूळ पुरुष विठ्ठल शिवदेव यांचें मूळ आडनांव दाणी, आणि घराणें सासवडचें. घरांतून बाहेर पडून ते सातारच्या बाजूस गेले आणि तेथें शाहू छत्रपतींच्या नजरेस आले. महाराजांच्या शिकारींत अंगावर आलेल्या रानडुकराला त्यांनीं लोळविलें, आणि त्या धाडसामुळें त्यांना शिलेदारी मिळाली, असें घराण्याची परंपरा सांगते. कथेचा तपशील कसाही असो, तिचा अर्थ स्पष्ट आहे. ज्या काळीं दप्तरांतील अक्षराइतकीच मनगटांतील ताकदही माणसाला वर चढवीत असे, त्या काळचे ते पुरुष होते. घोड्यावर दिवसेंदिवस मजल मारणें, उघड्या रानांत निजणें, भाकरी मिळेल तेव्हां खाणें आणि न मिळाल्यास पोटाला चिमटा घेणें, हा त्यांचा नित्यक्रम. निराळा व्यायाम करण्याची त्यांना गरजच नव्हती. त्यांची चाकरी हाच त्यांचा व्यायाम होता.

पण नुसत्या शरीरबळाची मर्यादाहि त्याच पुरुषाच्या चरित्रांत दिसून येते. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर तोफखान्याच्या आश्रयानें गोल राखून लढण्याचा मराठ्यांचा बेत होता. त्या वेळीं विठ्ठल शिवदेव आणि दमाजी गायकवाड यांच्या पथकांना धीर धरवला नाहीं. त्यांनीं गोलाबाहेर धाव घेतली आणि रचना विस्कटली, असा ठपका इतिहासकारांनीं त्यांच्यावर ठेवलेला आहे. पराभवाचीं कारणें अनेक होतीं, सारा दोष या एका धांवेवर लादणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि पराक्रमाची उणीव नसतांना संयमाची उणीव किती महाग पडते, हें त्या दिवशीं सर्वांना दिसलें. विठ्ठल शिवदेव त्या संहारांतून जिवंत परत आले आणि १७६७ सालीं निवर्तले. त्यांच्यानंतर सुमारें पन्नास वर्षांनीं पेशवाई बुडाली, आणि घोडदळाच्या जिवावर टिकून असलेलें तें सारें शरीरबळ निराधार झालें. धनीच उरला नाहीं, तेव्हां चाकरीचा व्यायाम कोणाला हवा होता?

कोठुऱ्याच्या बाळंभटदादा देवधरांची कामगिरी नेमकी येथें कळून येते. त्यांचा जन्म १७८० सालचा. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारीं ते मल्लविद्येचे गुरु होते. निजामाच्या मुलखांतून अली आणि गुलाब नांवाचे दोन नामांकित मल्ल पुण्यास आले, त्यांनीं दरबारास आव्हान दिलें, आणि कोणी पुढें येईना तेव्हां तरुण बाळंभट उठून उभे राहिले, अशी परंपरागत कथा आहे. त्यांनीं तयारीसाठीं मुदत मागितली आणि वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन उपासना केली. तेथें झाडांवर खेळणाऱ्या वानरांच्या पकडी आणि पलट्या पाहून त्यांना खांबावरच्या मेहनतीची युक्ति सुचली. परत येऊन त्यांनीं गुलाबला चीत केलें, आणि अलीनें कुस्ती न खेळतांच माघार घेतली. श्रद्धाळू मनुष्य या कथेंत मारुतिरायाचा प्रसाद पाहतो. इतिहासाचा अभ्यासक तींत एका चतुर शिक्षकाचें निरीक्षण पाहतो. दोघांनाहि ती सारखीच उपयोगी आहे.

मल्लखांब बाळंभटदादांनीं शून्यांतून निर्माण केला, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ या ग्रंथांत मल्लांच्या खांबावरील श्रमाचा उल्लेख आलेला आहे. पुढें लुप्तप्राय झालेली ती विद्या दादांनीं पुन्हां उभी केली आणि तिला पद्धत लावून दिली. मल्लखांबाची रचना पाहण्यासारखी आहे. सागाचा किंवा शिसवीचा खांब जमिनींत पक्का पुरलेला. जमिनीवर सुमारें साडेआठ फूट उंच. बुंध्याशीं जाड, वर निमुळता होत गेलेला. शेवटीं मान आणि तिच्यावर बोंड. त्याला एरंडेल चोळतात. मल्लाला हा खांब म्हणजे न थकणारा, न चिडणारा जोडीदार. अढी, तेढी, बगली, सुईदोरा, फरारे, ताजवे, सलाम्या हे त्यावरचे प्रकार. एकेका प्रकारांत पायाच्या अंगठ्यापासून मानेपर्यंत सारें शरीर एकदम कामाला लागतें. दंडाला बळ येतें त्याच वेळीं कण्याला लवचीकपणा येतो, आणि पोटाचे स्नायु आवळले जातात त्याच वेळीं श्वास ताब्यांत ठेवावा लागतो.

शरीराइतकाच मनाचाहि कस या खांबावर लागतो. डोकें खालीं, पाय वर, आणि आधार मांड्यांच्या नुसत्या पकडीचा, अशा स्थितींत मन क्षणभर जरी दुसरीकडे गेलें तरी हात सुटतो. येथें शिकणाऱ्याला भीति दडवितां येत नाहीं. ती ओळखून पायरीपायरीनें ओलांडावी लागते. पानिपतावर जो संयम सुटला, त्याच संयमाचें शिक्षण येथें रोज सकाळीं मुकाट्यानें मिळतें.

१८१८ सालीं राज्य गेलें. बाजीरावाला ब्रह्मावर्तास जाऊन राहावें लागलें आणि बाळंभटदादाहि उत्तरेकडे गेले. पुढें काशीस त्यांनीं आपला आखाडा घातला. दरबार गेल्यावर विद्या बुडावी, असाच एरवीचा नियम. पण या विद्येचें तसें झालें नाहीं. दादांचे चिरंजीव नारायणगुरु, शिष्य कोंडभटनाना गोडबोले आणि त्यांच्या शिष्यशाखा यांनीं ती गांवोगांव नेली. १८५२ सालीं दादा वारले तेव्हां त्यांची विद्या एखाद्या दरबाराची उरली नव्हती. ती तालमींची झाली होती. बडोद्यास जुम्मादादांच्या तालमीचा वारसा प्रोफेसर माणिकराव यांनीं चालविला आणि एकट्यादुकट्याच्या मेहनतीला सांघिक व्यायामाची जोड दिली. त्याच शहरीं आबासाहेब मुजुमदारांनीं देशी व्यायामाचें ज्ञान दहा खंडांच्या व्यायामज्ञानकोशांत एकत्र केलें. १९१४ सालीं अमरावतीस श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालें, आणि १९३६ सालीं त्याच्या पथकानें बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं देशी खेळ जगाला दाखविले.

ही विद्या टिकली याचें कारण तिच्या साधेपणांत आहे. घोडा पोसायला जहागीर लागते; खांब पुरायला हातभर जागा पुरते. सूर्यनमस्काराला तर तेवढेंहि लागत नाहीं. या बाबतींतहि नाशिकचें नांव पुढें येतें. गोदावरी आणि नंदिनी यांच्या संगमावर टाकळी येथें समर्थ रामदासांनीं बारा वर्षें तप केलें, आणि त्या तपांत जपाबरोबर नमस्कारहि होते, अशी परंपरा आहे. पुढें गांवोगांव स्थापन झालेले मारुति हे बलोपासनेचे जणूं चालतेबोलते गुरुच झाले. विसाव्या शतकांत औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं तोच धागा पुन्हां हातीं घेतला. आरंभीं त्यांनीं कांहीं वर्षें युरोपांतील सॅंडो या प्रसिद्ध मल्लाच्या साधनांनीं मेहनत केली होती. मग तीं सोडून ते नमस्कारांकडे वळले. १९२८ सालीं त्यांनीं या विषयावर इंग्रजींत पुस्तक लिहिलें आणि आपल्या संस्थानांतील शाळांतून मुलामुलींना नमस्कार घालावयास लाविले. साधन नको, जोडीदार नको, पैसा नको, आणि स्त्रीपुरुष, थोरलहान सर्वांना घरच्या घरीं साधेल, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. १९२४ सालीं लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं कैवल्यधाम स्थापिलें आणि आसनें व प्राणायाम यांची यंत्रांच्या साहाय्यानें परीक्षा आरंभिली. श्रद्धेनें चालत आलेल्या गोष्टीला प्रयोगाची कसोटी लागली.

या परंपरेचे दोषहि झांकून ठेवूं नयेत. तालमींचीं दारें दीर्घकाळ स्त्रियांना बंद होतीं, आणि जातीपातीच्या भिंतीहि तेथें होत्या. पिळदार दंड म्हणजेच आरोग्य, आणि नमस्कारांचा आकडा जितका मोठा तितका मनुष्य थोर, असा भ्रमहि तेथूनच पसरला. काळानें त्यांतील पुष्कळ दोष धुऊन काढले. जुना वेताचा मल्लखांब जाऊन त्याच्या जागीं दोराचा आला, आणि आज मुली त्यावर मुलांच्या तोडीचें कौशल्य दाखवितात. २०१९ सालीं मुंबईस मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली. कोठुऱ्याच्या गुरूची विद्या सातासमुद्रांपलीकडे पोंचली.

तरी स्पर्धा हें या विद्येचें अंतिम साध्य नव्हे. तिची खरी परीक्षा कशी होते, हें विंचूरकरांच्याच एका वाड्यानें पाहिलें आहे. पुण्यांतील या वाड्यांत १८९० नंतरच्या दशकांत लोकमान्य टिळक राहत होते. १८९२ सालीं स्वामी विवेकानंद त्यांचे पाहुणे म्हणून तेथेंच उतरले, आणि १८९४ सालीं त्याच वाड्यांत टिळकांनीं सार्वजनिक गणेशोत्सव मांडला. हे टिळक लहानपणीं प्रकृतीनें किरकोळ होते. डेक्कन कॉलेजांत गेल्यावर त्यांनीं पहिलें वर्ष जवळजवळ सारें शरीर कमावण्यांत घालविलें. तालीम, पोहणें, नौका वल्हविणें यांपुढें पुस्तकें मागें पडलीं, आणि त्या वर्षीं परीक्षेंत अपयश आलें. त्या वेळीं हा तोटा वाटला असेल. पण १९०८ सालीं वयाच्या बावन्नाव्या वर्षीं त्यांना मंडालेस नेण्यांत आलें. मधुमेहानें शरीर पोखरलेलें, ब्रह्मदेशाचा उन्हाळा कडक, सोबत कोणी आपलें नाहीं. आणि त्या सहा वर्षांतच, १९१२ सालीं, पत्नी सत्यभामाबाई वारल्याची वार्ता तुरुंगांत येऊन पोंचली. अशाहि स्थितींत आहाराचें पथ्य संभाळून १९१० च्या हिंवाळ्यांत त्यांनीं ‘गीतारहस्य’ लिहावयास घेतलें आणि कांहीं महिन्यांत शिसपेन्सिलीनें पुरें केलें. तरुणपणीं शरीरांत घातलेलें तें एक वर्ष त्यांना उतारवयांत व्याजासह परत मिळालें. अर्थात् एकट्या शरीरानें हें झालें नसतें. शरीराच्या शिस्तीला वाचन, लेखन आणि चिंतन यांच्या शिस्तीची जोड होती. दिवसाची आंखणी कैद्याच्या हातीं राहिली, म्हणून मन कैदेंत गेलें नाहीं.

आजच्या निफाड तालुक्यांत हा विषय जुना झालेला नाहीं. पूर्वी पायीं होणाऱ्या खेपा आतां मोटारसायकलीवर होतात, नांगराची जागा ट्रॅक्टरनें घेतली, दुकान आणि कचेरी येथील काम बसून होतें. शेतांत राबणाऱ्याला व्यायाम कशाला, असें म्हणण्याची रीत आहे; पण कांदा काढतांना दिवसभर कंबर वांकलेली राहते, द्राक्षांच्या मांडवाखालीं हात आणि मान तासन् तास वर असतात. हे श्रम एकाच अंगाला शिणवितात. दुसऱ्या अंगाला विसरतात. नमस्कारांत कणा पुढें वांकतो तसाच मागेंहि वळतो, आणि श्रमांनीं आंखडलेलें अंग मोकळें होतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्यास किमान १५० मिनिटें मध्यम मेहनत, आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे; अशा मेहनतीनें चिंता आणि खिन्नता यांचीं लक्षणेंहि कमी होतात, असें ती नमूद करते. १५० मिनिटें म्हणजे दिवसाला अवघीं बावीस मिनिटें. झरझर चालणें आणि आपल्या ताकदीपुरते नमस्कार यांत हा हिशेब सहज बसतो. वय झालेल्यानें किंवा दुखणाईतानें वैद्याचा सल्ला घेऊन आरंभ करावा, आणि आरंभ थोडक्यानेंच करावा. पांच नमस्कारांचा नेम वर्षभर टिकला तर तो एका दिवसाच्या शंभर नमस्कारांहून मोलाचा.

विंचुरची जहागीर गेली, पुण्याचा दरबार गेला, ब्रह्मावर्तही सुनें झालें. सनदेनें मिळालेली दौलत सनदेबरोबर संपली. कोठुऱ्याच्या गुरूनें दिलेल्या दौलतीला सनद लागत नाहीं, ती वारसानें आपोआप मिळतहि नाहीं, आणि विकत तर मुळींच घेतां येत नाहीं. ती ज्याची त्यानें रोज सकाळीं नव्यानें मिळवावी लागते. म्हणूनच ती कोणाला हिरावून घेतां येत नाहीं.