कोणाचा लाइफटाइम?

खोक्यावर 'लाइफटाइम वॉरंटी' असं छापलेलं दिसलं की मला एकच प्रश्न पडतो. लाइफटाइम कोणाचा? माझा, त्या वस्तूचा, की ती बनवणाऱ्या कंपनीचा? तुम्ही म्हणाल, शनिवारी सकाळी या माणसाला दुसरा उद्योग नाही. खरंय. पण हा प्रश्न मला एकट्यालाच पडलेला नाहीये. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९८५ साली वॉरंटीच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक नियम काढले, त्यात या एका शब्दासाठी स्वतंत्र कलम आहे. लाइफटाइम म्हणताय ना, मग आयुष्य नक्की कोणाचं ते गिऱ्हाइकाला सांगा. उदाहरण दिलंय मोटारीच्या सायलेन्सरचं: ज्या गाडीला तो बसवला त्या गाडीचं आयुष्य मोजायचं असेल, तर तसं स्पष्ट लिहा.

या प्रश्नाचा सगळ्यात मजेशीर इतिहास मला सापडला तो भलत्याच ठिकाणी, शिकारीच्या रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीत. म्हणजे स्कोपमध्ये. आपला आणि स्कोपचा संबंध तसा कमीच. आपल्या वाचनातल्या शिकारी जिम कॉर्बेटची ती प्रसिद्ध रिग्बी रायफल साध्या लोखंडी साईटची होती: मागे खाच, पुढे नळीवर माशी, आणि वाघ हाकेच्या अंतरावर. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा विषयच हळूहळू मिटला. (बरंच झालं.) अमेरिकेत मात्र तो आजही लाखो लोकांचा वार्षिक सोहळा आहे. तिथलं हरीण किंवा एल्क दोनशे-तीनशे यार्डांवर उभं असतं, त्यामुळे दुर्बीण लागते.

ही दुर्बीण म्हणजे इंजिनियरिंगच्या दृष्टीने फार अवघड प्रकरण आहे. बाहेरून एक नळी, दोन्ही टोकांना भिंगं. आत अजून एक छोटी नळी, ती एका बाजूने स्प्रिंगने दाबलेली आणि दुसऱ्या बाजूने दोन स्क्रूंनी रोखलेली. वरचा स्क्रू फिरवला की नेम वर-खाली होतो, बाजूचा फिरवला की डावा-उजवा. ही आतली नळी केसाच्या जाडीइतकी जरी सरकली तरी शंभर यार्डांवर गोळी इंचभर बाजूला जाते. आणि हे सगळं तुम्ही कशावर बसवताय, तर प्रत्येक बाराला सणसणीत धक्का देणाऱ्या यंत्रावर! लॅपटॉपची हार्डडिस्क हातोडीच्या दांड्याला बांधून ठोकाठोक करायची आणि एकही बिट हलता कामा नये म्हणायचं, त्यातला प्रकार.

दुसरा शत्रू म्हणजे बाष्प. नळीत हवा असते. ती दिवसा तापते, रात्री थंड होते, आणि सांध्यांतून थोडी थोडी आत-बाहेर करत राहते, जणू श्वास घेते. त्या श्वासाबरोबर दमट हवा आत जाते. मग पहाटेच्या थंडीत तेच बाष्प भिंगांच्या आतल्या बाजूला जमतं. बाहेरची भिंग रुमालाने पुसता येईल, आतली कशी पुसणार?

हे स्कोप सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले विल्यम वीव्हर नावाच्या माणसाने. युरोपियन स्कोप उत्तम, पण महाग. वीव्हरने १९३० साली आपलं ३३० नावाचं मॉडेल काढलं, पाऊण इंची स्टीलची नळी, आणि किंमत माउंटसकट १९ डॉलर. १९३३ मध्ये तो टेक्सासात एल पासोला गेला आणि तिथे त्याचा मोठा कारखाना झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने हाच स्कोप थोड्याफार फरकाने एम १९०३ ए ४ या स्नायपर रायफलीवर चढवला. गंमत (किंवा गंमत नाहीच म्हणा) अशी, की त्या रायफलीवरची लोखंडी साईट काढून टाकली होती. स्कोपमध्ये पाणी शिरलं की सैनिकाच्या हातात नुसती काठी. बॅकअप नाही, फेलओव्हर नाही. शिकारीसाठी स्वस्तात बनवलेली वस्तू पावसापाण्याच्या लढाईत नेली की काय होणार ते झालंच, धुकं धरण्याच्या तक्रारी आल्या.

आता ओरेगनमधल्या पोर्टलँडला जाऊ. तिथे १९०७ साली फ्रेड ल्युपोल्ड आणि त्याचा मेहुणा ॲडम फेल्पेल यांनी जमीनमोजणीची उपकरणं दुरुस्त करायचं दुकान काढलं. लक्षात घ्या, दुरुस्तीचं दुकान! पुढे स्टीव्हन्स नावाचा जलविज्ञानाचा इंजिनियर भागीदार झाला आणि नद्यांची पातळी नोंदवणारी यंत्रं हा मुख्य धंदा बनला. फ्रेडचा मुलगा मार्कस शिकारी होता. कंपनीच्या इतिहासात सांगतात ती गोष्ट अशी, की ऐन वेळी स्कोपवर धुकं धरलं, हरीण निसटलं आणि हा वैतागून म्हणाला की याहून चांगला स्कोप तर मीच बनवीन. गोष्टीला घासूनपुसून चकाकी आणलेली असणार, पण पुढचं खरं आहे. त्यांचा पहिला स्कोप, प्लेन्समन, १९४७ मध्ये आला, आणि त्या सुमारास नळीतली हवा काढून कोरडा नायट्रोजन भरून ती सीलबंद करायची पद्धत त्यांनी शिकारीच्या स्कोपमध्ये आणली.

नायट्रोजनमध्ये काही जादू नाहीये बरं का. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के तोच असतो. मुद्दा कोरडेपणाचा. बाष्पच नाही तर जमणार काय! खरी मेहनत सीलमध्ये आहे, भिंगाची कड, स्क्रूंची भोकं, डोळ्याकडचा फिरणारा भाग, सगळीकडे. नायट्रोजनचं नाव जाहिरातीत येतं, सीलचं येत नाही, हे आपल्याही धंद्यात नेहमीचंच.

हे सगळं जमल्यावरच 'कायमची हमी' परवडायला लागते, हा माझा मुख्य मुद्दा. आज ल्युपोल्डच्या स्कोपची हमी अशी आहे: पावती नको, वॉरंटी कार्ड नको, तुम्ही पहिले मालक असायची गरज नाही, मुदत नाही. बिघडला तर दुरुस्त करू किंवा बदलून देऊ. (इलेक्ट्रॉनिक भागांना मात्र मर्यादित मुदत.) आजोबांचा स्कोप नातवाने पाठवला तरी चालतो. हे ऐकून आपल्याला, म्हणजे बिलाची झेरॉक्स तीन ठिकाणी जपून ठेवणाऱ्यांना, जरा चक्कर येते. पण हिशोब करा. सरासरी शिकारी वर्षात झाडतो किती गोळ्या? हंगामाआधी नेम तपासायला एखादा बॉक्स, मग प्रत्यक्ष रानात दोन-चार. कंपनी आपल्या चाचणीयंत्रावर, ज्याचं नाव 'पनिशर' आहे, पॉइंट ३०८ च्या तिप्पट धक्के ५,००० वेळा देते. म्हणजे बहुतेक गिऱ्हाइकं त्या हमीच्या जवळपासही पोचत नाहीत. हमी फुकट दिसते, पण तिचे पैसे आधीच सीलमध्ये आणि स्प्रिंगमध्ये खर्च झालेले असतात. (बिनपावतीच्या या कारभाराचा एक साइड इफेक्ट म्हणजे बनावट ल्युपोल्ड! त्यामुळे शेवटी सगळी भिस्त सिरियल नंबरवर.)

दुसरी पद्धत व्होर्टेक्सची. विस्कॉन्सिनमधली ही कंपनी २००२ नंतरची, त्यामानाने पोरसवदा. हरवणं, चोरी, मुद्दाम केलेली मोडतोड आणि नुसते वरवरचे ओरखडे सोडले तर बाकी सगळं त्यांच्या हमीत बसतं. चूक कोणाची, विचारत नाहीत. गाडीखाली आला? पाठवा. यांचा माल निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या किमतीला बनतो, आणि स्वस्त स्कोपलाही तीच हमी. त्यावरून जुने लोक कुजबुजतात की वॉरंटी एवढी चांगली लागते कशाला? हे थोडं अन्यायाचं आहे. याच कंपनीला २०२२ मध्ये अमेरिकन सैन्याने नव्या रायफलीसाठी अडीच लाखांपर्यंत दुर्बिणींचं कंत्राट दिलंय. पण कुजबुजीत तथ्य आहेच. सपोर्टमध्ये काम केलेल्यांना माहीत असेल, दोन बिघाडांमधला सरासरी काळ आणि बिघाड दुरुस्त व्हायला लागणारा काळ हे दोन वेगळे आकडे. क्लायंटला दुसरा दाखवून पहिला झाकता येतो. "चोवीस तासांत रिप्लेसमेंट!" वा. पण सर्व्हर पडला तो महिनाअखेरीला, त्याचं काय?

शिकाऱ्याची महिनाअखेर तर भयंकर असते. अमेरिकेतल्या पश्चिमेकडच्या राज्यांत रानमेंढ्याच्या, म्हणजे बिगहॉर्नच्या शिकारीचा परवाना लॉटरीने मिळतो. लोक वर्षानुवर्षं अर्ज करत बसतात, आणि काही राज्यांत तो लागला की आयुष्यात पुन्हा नाही. तोही लाइफटाइमच! त्या दिवशी डोंगरावर स्कोपने दगा दिला तर पुढच्या महिन्यात कुरियरने आलेला नवाकोरा स्कोप घेऊन त्याने करायचं काय?

आता रेडफील्ड. मूळ प्रश्नाचं सगळ्यात सणसणीत उत्तर या कंपनीने दिलं. १९०९ साली डेन्व्हरमध्ये जॉन रेडफील्डने सुरू केलेली, आधी साईट आणि माउंट, नंतर स्कोप. १९६६ मध्ये व्हिएतनामसाठी अमेरिकन मरीन कोअरने एम ४० रायफलीवर यांचा ३ ते ९ पट मोठं दाखवणारा स्कोप घेतला. आत अंतर मोजायची प्लास्टिकची पट्टी होती. दुर्बिणीचं तोंड चुकून सूर्याकडे राहिलं की भिंगातून आलेल्या उन्हाने ती पट्टी वितळायची! तरी बाजारात नाव मोठं होतं. पण कंपनी या मालकाकडून त्या मालकाकडे फिरत राहिली आणि १९९८ मध्ये डेन्व्हरचा कारखाना बंद झाला. नाव तेवढं उरलं. २००२ मध्ये ते वीव्हर आणि सिमन्स या नावांसकट आकाशदर्शनाच्या दुर्बिणी बनवणाऱ्या मीड कंपनीकडे गेलं, २००८ मध्ये मीडने तिन्ही विकून टाकली, आणि रेडफील्ड घेतलं कोणी, तर ल्युपोल्डने. दोन वर्षांनी त्या नावाचे नवे स्कोप बाजारात आले. नव्यांना नवी हमी. डेन्व्हरच्या जुन्या स्कोपना मात्र ती लागू नाही. नाव तेच, पण जुन्या वचनाला वारस नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पण १९९४ मध्ये, कारखाना चालू असतानाच, असं उघडकीला आलं होतं की धातूचे भाग धुवायला वापरलेली रसायनं जमिनीत मुरून भूजलात गेली आहेत आणि आजूबाजूच्या वस्तीखाली पसरली आहेत. शेकडो घरांतली हवा तपासावी लागली, अनेक घरांना तळघरातली वाफ बाहेर काढायचे पंखे बसवावे लागले. याचा खर्च कोणी करायचा? तर १९६७ ते १९८४ या काळात ही जागा ज्यांच्या मालकीची होती, त्या ब्राउन ग्रुपने. यांचा मूळ धंदा चपला-बुटांचा! आजचं त्यांचं नाव कॅलेरेस. ही बूट कंपनी कारखाना विकून टाकल्यावर कित्येक दशकांनीही आपल्या वार्षिक अहवालात डेन्व्हरच्या रेडफील्ड जागेच्या साफसफाईचा खर्च दाखवत आली आहे.

म्हणजे बघा, स्कोप घेणाऱ्याला दिलेला शब्द कारखान्याबरोबर संपला, आणि जमिनीचं देणं मात्र विकूनही सुटलं नाही, कारण तिथे कायदा मागच्या मालकालाही धरतो. वॉरंटीच्या बाबतीत असं काही करावं का? मला तरी वाटत नाही, तसं केलं तर कोणी कायमची हमी देणारच नाही. मेनमधल्या एल. एल. बीन या दुकानाचंच घ्या. १९१२ मध्ये शिकारीच्या बुटांच्या पहिल्या शंभर जोड्यांपैकी नव्वद परत आल्या आणि मालकाने पैसे परत दिले, तिथपासून त्यांची ख्याती. पण लोक कचऱ्यात सापडलेली चप्पलही परत करायला लागले, तेव्हा २०१८ मध्ये त्यांनीही वर्षभराची मर्यादा घातलीच. मागता येईल ते एवढंच, की खोक्यावर आयुष्य कोणाचं ते लिहा. १९८५ पासून हेच तर सांगून ठेवलंय.

डेन्व्हरचे ते जुने रेडफील्ड आणि एल पासोचे वीव्हर अजून खूप लोकांकडे आहेत. त्यांच्यासाठी अमेरिकेत एक-दोन माणसांची छोटी दुकानं आहेत, जी असे बेवारस स्कोप उघडतात, साफ करतात, सील बदलतात आणि पुन्हा नायट्रोजन भरून देतात. हमी कायमची नसते, रांग असते, आणि पैसे पडतात.