जोडलेली गाडी

नातवाने सुटीत बोरीला येताना एक खोकं आणलं. त्यात जुन्या अमेरिकन शेव्हरले स्टेशन वॅगनचे चिमुकले भाग होते, एकास पंचवीस मापाचे. आठ दिवस खपून आम्ही ती जोडली.

"आजोबा, आपण गाडी बनवली!"

"जोडली रे," मी म्हटलं.

हा भेद सरकारनेही केला होता. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला आयात सुटे भाग जोडून शेव्हरले काढायची. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं, भाग इथे बनवणार असाल तरच राहा. १९५४ मध्ये शिवडीचं काम थांबलं. वर्गात हे धोरण मी दोन वाक्यांत उरकायचो. जोडणाऱ्या हातांचं पुढे काय झालं, हे कधी मनातही आलं नाही.

आमच्या गाडीचा बंपर मोडला. नातवाने बांबूची कामटी तासून नवा बसवला. तेवढा मात्र बोरीत बनला.