द्वाररक्षकाची निवड

घरच्या संगणकासाठीं कोणता अँटिव्हायरस घ्यावा, हा प्रश्न पनवेलच्या घरोघरीं निघतो. त्याचें उत्तर शेजारच्या न्हावाशेवा बंदराच्या इतिहासांत सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

२७ जून २०१७ रोजीं ‘नॉटपेट्या’ नामक विषाणूनें मर्स्क समूहाचे जगभरचे हजारों संगणक निकामी केले. जवाहरलाल नेहरू बंदरांतील त्या समूहाकडील टर्मिनलाचें कामहि ठप्प झालें. हा शत्रु युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत सुधारणेंतूनच शिरला होता. ओळखीच्या वेषांत आलेल्या चोरास देवडीवरचा पहारेकरी कसा अडविणार? पुढें तो ज्या वाटांनीं पसरला, त्यांपैकीं एक बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिली होती. मर्स्कला तारलें तें घानांतील एका संगणकानें. वीज गेल्यामुळें तो जाळ्याबाहेर होता, म्हणून त्यांतील प्रत शाबूत राहिली.

तात्पर्य, पुण्याचा क्विक हील घ्या किंवा विंडोजमधील अंगभूत संरक्षणावर विसंबा. मात्र पहारेकरी एकच ठेवा, दोघे असल्यास ते एकमेकांच्याच कामांत अडथळा आणतात. परंतु दुरुस्त्या वेळेवर बसविणें आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत संगणकापासून अलग ठेवणें, हीं दोन व्रतें पाळणाऱ्या घरासच ही निवड फळेल.