चिठ्ठीवरचे गाव

संग्रहालयातील मृत पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. स्थळ, तारीख, मिळवणाऱ्याचे नाव. अभ्यासकाच्या लेखी पक्ष्यापेक्षा या चिठ्ठीचे मोल अधिक, कारण कापूस भरलेले कातडे आपले रान कोणते ते स्वतः सांगू शकत नाही. रानपिंगळ्याचा इतिहास हा अशाच एका खोट्या चिठ्ठीचा इतिहास आहे.

गावोगावच्या जुन्या झाडांवर संध्याकाळी कलकलाट करणारा ठिपकेदार पिंगळा सर्वांच्या परिचयाचा आहे. रानपिंगळा त्याच्याच चणीचा, पण डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, पंख-शेपटीवर ठसठशीत पट्टे, पोट पांढरे आणि पाय अंगाच्या मानाने दांडगे. १८७२ साली ब्लेविट यांना तो आजच्या छत्तीसगडच्या भागात मिळाला आणि पुढच्या वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी त्याला ब्लेविट यांचेच नाव दिले. (काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपण ओळखतो तेच हे ह्यूम, त्यांची पक्षिविद्या मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांनी कधी मनावर घेतली नाही.) त्यानंतर खानदेशात नोकरीस असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात शहादा-तळोदा भागातून त्याचे काही नमुने जमवले. सारे अस्सल नमुने मिळून भरतात अवघे सात. १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला.

अपवाद होता तो एका नमुन्याचा. तो कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन यांच्या संग्रहात होता आणि चिठ्ठीवर लिहिले होते : १९१४, तापीकाठचे मांडवी, गुजरात. कर्नलसाहेब म्हणजे दबदब्याचे सैनिक, मोठे संग्राहक; सलीम अली १९३७ साली त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानच्या सफरीवर गेले होते. अशा माणसाच्या शब्दावर संशय कोण घेणार? १९१४ ही त्या पक्ष्याची शेवटची नोंद म्हणून ग्रंथांतून स्थिरावली. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांनीही पुढे रानपिंगळ्याचा शोध घेतला. तो हाती लागला नाही.

१९९०च्या दशकात पामेला रासमुसेन यांनी माइनर्ट्‌झहॅगन यांचे नमुने बारकाईने तपासले. क्ष-किरणांखाली मांडवीचा पिंगळा बोलू लागला. कातडे उसवून पुन्हा भरलेले होते, पण मूळ हाताच्या खुणा पुरत्या पुसल्या गेल्या नव्हत्या, आणि तो हात डेव्हिडसन यांचा होता. ब्रिटिश संग्रहालयातून नमुना उचलायचा, नवा कापूस भरायचा आणि स्वतःची चिठ्ठी बांधायची, असा हा उद्योग. चोरी एका पक्ष्याची खरी, पण तिच्यामुळे एका जातीच्या इतिहासात तीस वर्षे आणि एक गाव खोटे घुसले. संग्रहातील चोरीपेक्षा मला हा अपराध मोठा वाटतो. दुर्मीळ पक्ष्याला शोधायचे कोठे, हे ठरवायला त्या मोजक्या चिठ्ठ्यांखेरीज दुसरा आधारच नव्हता.

मांडवीची नोंद वगळल्यावर उरल्या जुन्या, खऱ्या जागा. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना पूर्वेकडे काही गवसले नाही. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी (तेव्हाचा धुळे, आताचा नंदुरबार जिल्हा), एका निष्पर्ण झाडावर तो उघड्यावर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी, आणि तोही डेव्हिडसन यांच्याच मुलखात! डेव्हिडसन यांच्या काळची सपाटीवरची राने एव्हाना शेतांखाली गेली होती. पक्षी उरला होता डोंगरालगत.

त्यानंतर मात्र त्याचे आयुष्य उलगडू लागले. फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी आणि पुढे इतरांनी त्याचा अभ्यास केला. घुबडाच्या कुळातला असून हा भर दिवसा शिकार करतो. सागाच्या विरळ रानात उंच फांदीवर बसायचे, शेपटी डावी-उजवीकडे झटकायची आणि खालचा सरडा किंवा उंदीर नेमका टिपायचा. ते दांडगे पाय याच कामाचे. घरटे झाडाच्या ढोलीत, त्यामुळे जुनी झाडे तुटली की संसारच मोडतो. ढोलीतले मेलेले वा मरायला टेकलेले पिल्लू नर खाऊन टाकतो, अशीही नोंद आहे. आपल्याला ती क्रूर वाटते, पण अन्नाचा हिशेब रानात वेगळा असतो.

मेळघाटात आणि यावलच्या रानातही तो सापडला. २०१८ साली अतिसंकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीतून त्याला एक पायरी खाली, संकटग्रस्तांत आणले गेले. त्याआधी, २०१४ साली, तो मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या अभयारण्यात दिसला होता. सातपुड्यापासून इतक्या दूर त्याला शोधायला जावे, असे कोणत्याच चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते.