आवाजाची जकात

चंडीगड, मोहाली आणि पंचकुला ही तीन शहरे एकमेकांना खेटून वसली आहेत. पहिले केंद्रशासित, दुसरे पंजाबातले, तिसरे हरियाणातले. दूरध्वनीने मात्र ही वाटणी मानली नाही. तिघांचाही एसटीडी क्रमांक ०१७२ हाच. मोबाईलच्या परवान्यांसाठी पंचकुलाही पंजाब मंडळातच धरलेले. राज्यांच्या सीमा इतक्या सहज ओलांडणाऱ्या या व्यवस्थेत पुढे निराळ्याच सीमा उभ्या राहिल्या. त्या कंपन्यांच्या होत.

स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे देशातील सारे दूरध्वनी सरकारी होते. ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास तिष्ठावे लागे, पण वाटेत धनी बदलत नसे. १९६० साली कानपूर-लखनौ मार्गावर ग्राहकाला स्वतः क्रमांक फिरवून परगावी बोलता येऊ लागले, तेव्हाही नाही. १९९५ नंतर खाजगी मोबाईल कंपन्या आल्या आणि प्रश्न पडला की, एकीचा ग्राहक दुसरीच्या ग्राहकाशी बोलला, तर शेवटच्या टप्प्याची मजुरी कोणी द्यावी? २००३ साली नियम झाला: कॉल पाठवणारीने उतरवून घेणारीला मिनिटामागे ठराविक पैसे द्यावेत. येणारा कॉल फुकट झाला तो यामुळेच. गावाच्या वेशीवर जकातनाका असे, तसा हा आवाजाचा नाका.

पंचकुल्याशेजारी चंडीमंदिरची लष्करी छावणी आहे. तेथील एखादा सातारचा जवान घरी फोन लावतो, तेव्हा आधी आवाज जातच नाही. एक निरोप पुढे धावतो. २०११ पासून देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलता येते, म्हणून हा क्रमांक सध्या कोणाकडे आहे, हे सामाईक नोंदवहीत पाहावे लागते. पलीकडे फोन उचलला की इंटरनेटच्या रीतीने बोलण्याचे तुकडे होतात, सेकंदाला साधारण पन्नास. प्रत्येकावर पत्ता आणि अनुक्रम. एखादा तुकडा रेंगाळला, तर त्याला सोडून पुढे जावे लागते. पत्र उशिरा पोचले तरी चालते, बोलण्याचे तसे नाही.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाली. तिच्या जाळ्यात आवाज सर्वस्वी तुकड्यांचाच. शेजारणींच्या वेशीवर मात्र जुनी वहिवाट होती: एका जोडणीतून एका वेळी तीस संभाषणे. तेथे तुकडे पुन्हा सांधून अखंड प्रवाहात सोडावे लागत. त्यात बोलणे फुकट! जोडण्या अपुऱ्या पडल्या. शंभरांतील पंचाहत्तरांहून अधिक कॉल वेशीवरच अडतात, ही जिओची तक्रार. फुकट कॉलच्या लोंढ्याने आम्ही बुडतो, हे इतरांचे उत्तर. ऑक्टोबरात नियामक प्राधिकरणाने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना एकूण ३,०५० कोटी रुपये दंड करण्याची शिफारस केली. कज्जा कोणाचाही असो, जवानाच्या घरी घंटा वाजत नव्हती. क्रमांक बरोबर, यंत्रे शाबूत. अडले होते ते हिशेबापाशी.

त्या वेळी जकात मिनिटाला चौदा पैसे होती. १ ऑक्टोबर २०१७ पासून ती सहा पैसे झाली आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. परदेशाहून येणाऱ्या कॉलवर मात्र ती राहिली, आणि जकात आली की चोरवाटही आलीच. असे कॉल इंटरनेटवरून गुपचूप आणायचे, एखाद्या खोलीत शेकडो सिमकार्डे मांडून ती यंत्राला जोडायची, आणि परदेशचा आवाज देशी म्हणून सोडून द्यायचा. मग अमेरिकेतल्या मुलीचा फोन पुण्यात आईला अनोळखी देशी क्रमांकावरून येतो, आणि आई तो उचलत नाही.